कारणाचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक हिंसेविरोधात विद्यापीठाने जागृती कार्यक्रम घेतल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबतच्या फोटोत भरलेलं सभागृह होतं, व्यासपीठावर सहा जण होते. सगळ्या वक्त्यांची नावं नीट छापली होती. त्याच संध्याकाळी एखाद्या मुलीला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर तिने कुठल्या खोलीचं दार वाजवायचं, हे मात्र दोनदा वाचूनही सापडलं नाही.

मी एकोणीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यातली सहा वर्षं तक्रार समितीवरही होते. अशी व्याख्यानं मीही ठेवली आहेत आणि हजेरीचा धाक घालून सभागृह भरलं आहे, तेव्हा हे बाहेरून केलेलं बोलणं नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी 2014 साली असल्या कार्यक्रमांचे 140 अभ्यास तपासले. माणसांच्या वागण्यात खरोखर फरक पडतो, असं ठामपणे म्हणता आलं ते फक्त तीन उपायांबद्दल. एका बैठकीत उरकलेलं भाषण त्यात नव्हतं.

त्या तिनांपैकी एक उपाय न्यूयॉर्कच्या शाळांमधला आहे. मुलांच्या हातात इमारतीचा नकाशा दिला आणि सुरक्षित वाटणाऱ्या व भीती वाटणाऱ्या जागा त्यांनाच दाखवायला सांगितल्या. मग भीतीच्या जागी मोठ्यांचा वावर वाढवला. वाचलं आणि स्वतःचाच राग आला. आमच्याकडे कुठल्याही मुलीला लाल पेन दिलं असतं, तर तिने प्रयोगशाळेमागचा जिना पहिल्या मिनिटात रंगवला असता. आम्ही कॅमेरा लावला होता मुख्य दारावर.

कॅनडात तीन विद्यापीठांनी पहिल्या वर्षाच्या मुलींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं. ओळखीच्याच माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, भीड कशी मोडायची, अंगावर आलंच तर काय करायचं. त्याचे निष्कर्ष 2015 साली आले. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात 9.8 टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के. मुलींनीच का शिकायचं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण मुलगे सुधारेपर्यंत मुलींना थांबवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने सत्राच्या मध्येच खोली बदलून मागितली. आमच्या छापील अर्जात ‘कारण’ असा रकाना होता. तिने त्यात लिहिलं, ‘प्रकृती’. मी अर्जावर ‘डॉक्टरांचा दाखला जोडावा’ असा शेरा मारला आणि परत दिला. ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि गेली. दाखला आला नाही, म्हणून मी फाइल बंद केली.

चार महिन्यांनी, दोन पेपर बुडाल्यावर, ती पुन्हा आली. खोलीतल्या मैत्रिणीचा एक मित्र होता. त्याने हिच्यावर जबरदस्ती केली होती. मैत्रिणीला याचा पत्ताच नव्हता. तो रोज संध्याकाळी येई आणि दोघं नेमकी हिच्या खिडकीखाली गप्पा मारत बसत. माझ्या तोंडून पहिला प्रश्न कुठला निघाला असेल? ‘अगं, इतके दिवस का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, तेव्हा सांगायलाच आले होते. तुम्ही दाखला मागितलात.’

पुढे समितीत एका सदस्याने तिला विचारलं, ओरडली का नाहीस. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या 298 स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा 70 टक्के जणींनी त्या वेळी शरीर गोठल्याचं, हालता-बोलता न आल्याचं सांगितलं. हा अभ्यास 2017 सालचा आहे. समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या बैठकीआधी तो वाचलेला असावा.

विद्यापीठांना माझं सांगणं एवढंच आहे की, सांगणं आणि तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली सगळी यंत्रणा फक्त दुसरीसाठी उभी आहे. खोली बदलणं, प्रात्यक्षिकाची बॅच बदलणं, सबमिशनला आठ दिवस वाढवून देणं, बुडालेल्या पेपरची सोय करणं, यांतल्या कशासाठीही चौकशी पूर्ण व्हायची गरज नाही. मुलीने लेखी तक्रार दिलेली असण्याचीही नाही. तक्रार करायची की नाही, हे तिला सावकाश ठरवू द्या, तोवर तिचं शिक्षण तरी चालू राहील. आणि प्रशिक्षण द्यायचंच, तर ज्यांच्या कानावर हे पहिल्यांदा येतं त्यांना द्या: रेक्टर, ग्रंथालयातल्या मदतनीस, प्रयोगशाळेच्या बाई, खोलीतल्या मैत्रिणी. समोरची बोलायला लागली की काय विचारायचं नाही, आणि ही गोष्ट आणखी कुणाकुणाला कळेल हे तिला आधीच कसं सांगायचं, एवढं जरी शिकवलं तरी पुष्कळ.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी खोलीबदलाच्या अर्जातून ‘कारण’ हा रकाना काढून टाकला. कार्यालयातून लगेच विचारणा झाली, मुली गैरफायदा घेतील त्याचं काय. त्या वर्षी अकरा अर्ज आले, अकराही मंजूर केले. त्यातल्या दोघींना बहुधा नुसतं खिडकीजवळची कॉट हवी होती. मिळाली त्यांना.

आपली,
एक निवृत्त रेक्टर