ताई, डेटातून निसटलेली माणसं शोधायला शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार

नमस्कार ताई,

नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावून सांगितलंय, म्हणून नुसतं ताईच लिहिते. थीसिस एकदाचा सबमिट झाला. आभारांच्या पानावर तुमच्यासाठी एक ओळ आहे, पण तुम्ही जे केलंत ते एका ओळीत मावणारं नाहीये, आणि शिवाय अशाच सर्व्हेच्या डेटावर आत्ता कोणीतरी डोकं धरून बसलं असेल तर त्यालाही उपयोग होईल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई सर्व्हेचा डेटा सांभाळतात, आणि मी अडले की त्यांनाच विचारायचे. माझा विषय म्हणजे माणसं राहतं ठिकाण कधी बदलतात, का बदलतात आणि बदलल्यावर त्यांचं पुढे काय होतं. एकदाच केलेल्या सर्व्हेतून हे नीट कळत नाही, त्याच माणसांकडे काही वर्षांनी परत जावं लागतं, त्याला पॅनल म्हणतात. आपल्याकडे असा मोठा सर्व्हे म्हणजे आयएचडीएस (इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे), दिल्लीतली आर्थिक संशोधन संस्था एनसीएईआर आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाने मिळून केलेला. पहिली फेरी २००४-०५ ला, ४१,५५४ घरं. दुसरी २०११-१२ ला, तेव्हा जुन्यातली ८३ टक्के घरं परत सापडली, काही नवीन घेतली, आणि आकडा झाला ४२,१५२. ८३ टक्के म्हणजे सात वर्षांनंतर खरंच खूप चांगलं काम आहे, फील्डवर फिरलेल्या लोकांचे त्यासाठी आभार मानावेत तेवढे थोडेच. पण माझा प्रश्नच जागा बदलणाऱ्यांचा, आणि जागा बदललेली माणसं नेमकी त्या न सापडलेल्या १७ टक्क्यांत असण्याची शक्यता जास्त! गावातलं किंवा शहरातलंच घर फुटून दोन झाली तर दोन्हीकडे जाऊन मुलाखत घेतली गेली, पण अख्खं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरात गेलं तर सर्व्हे त्याच्या मागे गेला नाही.

हे घेऊन मी तुमच्याकडे आले होते. मला वाटलं होतं तुम्ही कॉम्प्युटरवरची एखादी कमांड सांगाल. तुम्ही आधी विचारलंत, "घर म्हणजे कोण गं?" आणि मग सर्व्हेचा फॉर्म उघडून बसवलंत. एका छपराखाली राहणारे, एकाच चुलीवर जेवणारे, वर्षातले किमान ६ महिने तिथे असणारे. आता दोन भावांच्या वाटण्या झाल्या, त्याच वाड्यात मधे भिंत घातली, चुली दोन झाल्या. डेटात घरं दोन, आणि हललं कोणीच नाही. उलट तिसरा भाऊ पुण्याला भोसरीत खोली घेऊन राहिला, तर मूळ घर डेटात जसंच्या तसं दिसतं, फक्त यादीतून एक माणूस कमी. म्हणजे घराच्या नंबरवर भरवसा ठेवून "मूव्ह" मोजले तर न हललेले मोजले जातात आणि गेलेले सुटतात. तुम्ही म्हणालात, घर सोड, माणूस धर. त्या एका वाक्यावर माझं अख्खं तिसरं चॅप्टर उभं आहे.

आणि माणूस धरायचा म्हणजे काय ते पण तुम्हीच दाखवलंत. डेटात नावं नसतात, मग दोन फेऱ्यांतला माणूस तोच आहे हे ओळखायचं लिंग, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नातं यांवरून. वय सातने वाढलेलं असायला पाहिजे, पण लोक वय सांगतात पाचाच्या पटीत, तेव्हा ४० सांगितलेला माणूस सात वर्षांनी ४५ सांगतो, आणि म्हणून दोन-तीन वर्षांचा फरक पोटात घ्यायचा. नात्याचं तर अजूनच अवघड. मधल्या काळात वडील वारले की मुलगा कुटुंबप्रमुख होतो, काल जी सून होती ती आज पत्नी, जी पत्नी होती ती आई, नातवंडं मुलं होतात. सगळे कोड बदलले, माणसं तीच, घर तेच. कॉम्प्युटरला वाटतं कोणीतरी नवीनच कुटुंब राहायला आलंय. तुम्ही वहीत एका घराचं झाड काढून दोन्ही फेऱ्यांची नाती समोरासमोर लिहिलीत ना, ते पान मी अजून टेबलासमोर चिकटवलेलं आहे, आणि नवीन कोणी शिकायला आलं की पहिलं तेच दाखवते.

मग "घर सापडलं नाही" या प्रकाराकडे वळलो. मला ते सगळे एकच वाटत होते, कारण फाइलमध्ये रिकामी जागा सगळ्यांची सारखीच दिसते. तुम्ही मराठवाड्यात सर्व्हेला फिरलेल्या, तुम्ही म्हणालात, जानेवारीत बीडच्या एखाद्या तांड्यावर जाऊन बघ, निम्म्या दारांना कुलूप असतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलला परत येतात. ते घर सोडून गेलेले नाहीत, ते ऊस तोडायला गेलेत. त्याच्या शेजारचं घर कायमचं चाकणला गेलेलं असू शकतं, आणि तिसऱ्या घरी माणसं आत आहेत पण बोलायची इच्छा नाही. कुलूप, स्थलांतर आणि नकार, तिन्हींची रिकामी जागा सारखीच, अर्थ मात्र अगदी वेगळे. एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या, ६४व्या फेरीत (२००७-०८) कामासाठी १ ते ६ महिने बाहेर राहिलेल्यांना वेगळं विचारलं होतं, तसा विचार पॅनलमध्येही करावाच लागतो हे तुम्ही पटवून दिलंत. किराणा दुकानदार आणि अंगणवाडी सेविका यांना विचारल्याशिवाय "सापडले नाहीत" लिहायचं नाही हा तुमचा नियम मला खूप आवडला. असं काम करणाऱ्या माणसांच्या जिवावर आम्ही एसीत बसून पेपर लिहितो, हे मी विसरणार नाही.

टांझानियाच्या कागेरा भागातल्या सर्व्हेचा पेपर तुम्ही पाठवलात तो दिवस माझ्यासाठी फार मोठा होता. तिथे १९९१ ते ९४ मध्ये ९०० च्या वर घरं घेतली होती आणि २००४ मध्ये त्यातली माणसं जिथे गेली तिथे जाऊन शोधली, दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी युगांडापर्यंत. निघालं काय, तर जे बाहेर पडले त्यांच्या खर्चातली वाढ मागे राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्के पॉइंटने जास्त! म्हणजे फक्त जागेवर राहिलेल्यांनाच परत भेटले असते तर त्या भागाची प्रगती किती कमी दिसली असती. ते वाचून मला पहिल्यांदा समजलं की निसटलेल्या माणसांमुळे नुसता नमुना लहान होत नाही, उत्तरच बदलतं.

मग आपल्याकडे शोधायला जाता येत नाही तर करायचं काय? तर वजनं. पहिल्या फेरीतली माहिती सगळ्यांची आहेच, भाड्याने राहतात की स्वतःचं, शहर की खेडं, प्रमुखाचं वय काय, किती वर्षं त्या ठिकाणी आहेत. त्यावरून प्रत्येक प्रकारच्या घराची परत सापडण्याची शक्यता काढायची. एखाद्या प्रकारच्या शंभरातली पन्नासच घरं सापडली असतील तर सापडलेल्या प्रत्येक घराने दोन घरांच्या वतीने बोलायचं, म्हणजे त्याचं वजन दोन. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण "हे तेव्हाच चालतं जेव्हा सापडलेला आणि न सापडलेला खरंच एकसारखे असतात, आणि ते तुला कधीच पूर्ण कळणार नाही, तसं स्पष्ट लिही" हे तुम्ही सांगितलंत, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेमका तोच प्रश्न आला.

अजून एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लग्न होऊन गेलेल्या मुली. बरेच लोक त्यांना स्थलांतराच्या हिशोबातून बाजूला काढतात, "ते काय, लग्नच आहे." २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींच्या वर स्थलांतरित आहेत आणि त्यात सगळ्यात मोठं कारण लग्न. तुम्ही मला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने सर्व्हेसाठी घेतलेल्या गावांबद्दल सांगितलंत, १९७५ पासूनची, त्यात आपल्या सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कानझरा आणि किनखेडा, जिथे माहिती गोळा करणारा माणूस गावातच राहायचा. त्याच डेटावर रोझेन्झ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं की मुली लांबच्या गावांत दिल्या की दुष्काळाच्या वर्षी घराच्या खाण्यापिण्यावरचा ताण कमी होतो, कारण इथे पाऊस पडला नाही तरी तिकडे पडलेला असू शकतो. म्हणजे सासरी गेलेली मुलगी यादीतून कमी झाली तरी घराच्या हिशोबात ती असतेच. माझ्या आईच्या माहेरचं सगळं असंच चालायचं, पण मी त्याकडे संशोधन म्हणून कधी पाहिलं नव्हतं. लग्नाचे मूव्ह मी थीसिसमध्ये ठेवले, वेगळं चॅप्टर करून ठेवले, आणि एका परीक्षकांनी त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक केलं.

तुमचं स्वतःचं काम, घरी सासूबाईंचं आजारपण, त्यात रात्री साडेनऊनंतर माझे फोन, आणि तुम्ही एकदाही "नंतर बघू" म्हणाला नाहीत. कोणाच्या पेपरवर नाव नाही, कुठे मानधन नाही. आपल्याकडे डेटा सांभाळणाऱ्या माणसांना कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर निम्मं संशोधन त्यांच्याच डोक्यात असतं. मला याचं फार वाईट वाटतं आणि मी जिथे बोलायला मिळेल तिथे हे बोलणार आहे.

तिसऱ्या चॅप्टरची शेवटची प्रत आणि सगळ्या डू-फाइल्स (डेटावर चालवायच्या कमांडच्या फाइल्स) मेलवर टाकल्यात, कॉमेंट्स मराठीत लिहिल्यात, म्हणजे तुमच्याकडच्या नवीन मुलांना वापरता येतील. आयएचडीएसच्या तिसऱ्या फेरीचं फील्डवर्क २०२२ ते २४ मध्ये झालंय, तिन्ही फेऱ्यांतली माणसं जोडायला तुमच्याबरोबर बसायचंय, आणि यावेळी पेपरवर तुमचं नाव आधी लागेल, यावर वाद घालायचा नाही. दिवाळीनंतर लातूरला येते, सासूबाईंना नमस्कार सांगा.

तुमची,
थीसिसवाली