गंग-हो

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालायच्या असतील तर हे वाचून झाल्यावर घाल. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर आटोक्यात.

परवा सभा झाली. आपल्या विणकर संस्थेची सभा तुला माहीतच आहे: सात-आठ टाळकी, गणसंख्येअभावी तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, तोवर समोर चहा. यंदा खुर्च्या कमी पडल्या! विषय होता शेड आणि जागा विकून संस्था गुंडाळायचा. बिल्डरचा आकडा ऐकून टाळ्या पडल्या. चंदूकाकांचा नातू उठून म्हणाला, "सगळे एकदम गंग-हो आहेत, आजच ठराव करून टाका."

माझ्या पोटात खड्डा पडला. अरे, इंग्रजीत जोशात असलेल्यांना 'गंग-हो' म्हणतात, पण तो शब्द मुळात सहकारी संस्थांचाच आहे. मागे कोटणीस डॉक्टरांविषयी वाचत होतो तेव्हा सापडला होता. ते 1938 साली चीनला गेले, त्याच वर्षीची गोष्ट. जपानच्या हल्ल्यात शांघायचे कारखाने गेले, कामगार देशोधडीला लागले. तिथला कारखाना निरीक्षक रेवी ॲली, न्यूझीलंडचा माणूस, आणि एडगर व हेलन स्नो हे जोडपं, यांनी आतल्या प्रांतांत छोट्या औद्योगिक सहकारी संस्था काढायचं मनावर घेतलं. चिनी नाव लांबलचक, म्हणून त्यातली दोन अक्षरं उचलली, गोंग आणि ह. एक कामाचं, दुसरं एकत्र येण्याचं. त्या संस्थांत लोकर कातून सैन्यासाठी ब्लँकेटं विणली गेली, सुध्या. ब्लँकेटं! आपलाच धंदा.

इव्हान्स कार्लसन या अमेरिकन मरीन अधिकाऱ्यानं तो शब्द ॲलीकडून घेतला आणि 1942 मध्ये आपल्या रेडर (छापामार) बटालियनचं ब्रीद केला. तो सभा घ्यायचा, आणि तिथं साधा शिपाईसुद्धा मनातलं बोलू शकायचा. 1943 मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, शब्द सगळीकडे गेला. पुढं इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता जोश, कधीकधी तर आंधळा जोश. संस्था मागंच राहिली.

तू म्हणायचास, दहाजण जमले की काम अकराव्यावर ढकलतात. त्यावरून पार्क चौकात भांडलो होतो आपण. मला ते आजही पटत नाही. (त्या दिवशीच्या भेळेचे पैसे तुझ्याकडे बाकी आहेत.) तुझे अप्पा आणि आमचे बाबा सायकलवर फिरून घरोघरी शेअर गोळा करायचे, ते काय कुणी ढकललं म्हणून? सभा उठल्यावर नरसय्या शेडमध्ये गेला आणि तुटलेला धागा सांधत बसला. चारच माग चालू आहेत. त्याला कुणी काही विचारलं नाही.

मी हटून बसलो म्हणून ठराव विशेष सभेवर गेला, पुढच्या महिन्यात. अप्पांचा शेअर अजून त्यांच्याच नावावर आहे. वारस नोंदीचा फॉर्म सोबत पाठवतोय, सही करून लगेच परत धाड आणि सभेला स्वतः ये. चंदूकाकांचा नातू तुझ्याच कंपनीत आहे, त्याच्याशी आधी बोलून घे. तुझं ऐकेल तो.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? पिंकीची बारावी कशी चाललीय? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या