सोया दुधाने रात्रीचं खाणं फिटत नाही

प्रिय सुध्या,

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. सकाळी ग्लासभर सोया दूध, रात्री जागून काम करताना तळलेलं, बेकरीचं आणि त्यावर गार गोड पेय. आणि वर विचारतोस, ‘एकाने दुसरं फिटतं ना?’ फिटत नाही रे. पण प्रश्न अगदीच येडपट नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सोयाने चरबी कमी होते अशी जी बातमी वाचून तुला धीर आला, ती बहुधा उंदरांवरच्या प्रयोगाची असणार. असे प्रयोग बरेच झालेत. उंदरांना चरबी-साखरेने ठासलेला आहार द्यायचा आणि त्यांतल्या काहींना दुधातल्या केसीन या प्रथिनाऐवजी सोयाचं प्रथिन. सोयावाल्यांच्या यकृतात बरेचदा चरबी कमी साठते, कोलेस्टेरॉलही कमी भरतं. खोटं काही नाही त्यात. गोम अशी की सोयातल्या डाइडझीन या द्रव्यापासून आतड्यातले जंतू इक्वॉल नावाचं दुसरं द्रव्य बनवतात, सोयाचा काही गुण त्यातूनच येतो असं मानतात, आणि हे काम उंदरांच्या पोटात जवळपास हमखास होतं. माणसांत तसं नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण चारांतल्या एकालाच ते जमतं. शिवाय उंदराला समोर ठेवलेलंच खावं लागतं, तुझ्यासारखं रात्री फ्रिज उघडता येत नाही.

माणसांवरचे आकडे कसे खाली आले ते बघ. 1995 साली सोया प्रथिनाच्या 38 चाचण्या एकत्र करून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जवळपास 13 टक्क्यांनी उतरतं असं निघालं. त्या जोरावर 1999 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था), संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहारात रोज 25 ग्रॅम सोया प्रथिन घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं वेष्टनावर छापायला परवानगी दिली. तुझ्या कामाचं वाक्य हेच, आणि त्यातली आधीची अट सगळेच विसरतात. 2006 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा घट सुमारे 3 टक्के भरली. 2017 मध्ये एफडीएने तो दावा मागे घ्यायचा प्रस्तावही मांडला.

तीन टक्के म्हणजे अगदीच काही नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्या मते सोयाचा खरा फायदा त्याने ताटातून काय हटवलं यात आहे. चरबीवालं मटण किंवा सॉसेज काढून त्या जागी टोफू आला, तर संपृक्त चरबी कमी झाली, तंतू थोडे वाढले, पोटही भरलं. तू काहीच काढलं नाहीस, नुसती भर घातलीस. तीही अपुरी, कारण ग्लासभर दुधात प्रथिन जेमतेम 7 ग्रॅम.

आता ते खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पाणी, साखर आणि मग सोयाबीन असं असेल, तर तू एक गोड पेय सकाळी पितोस आणि दुसरं रात्री, एवढंच. बिनसाखरेचं घे. नाहीतर सरळ दाणे रात्रभर भिजवून चांगले मऊ शिजव; कच्च्या दाण्यातला, प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला रोखणारा घटक शिजवल्याशिवाय निकामी होत नाही. शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये 16-17 ग्रॅम प्रथिन मिळतं. सोयाचे तळलेले चिप्स मात्र चिप्सच आहेत, आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. नावात सोया आहे म्हणून सूट नाही.

वहिनींची थायरॉइडची गोळी सुरू आहे ना? मग गोळीला लागून सोया दूध देऊ नकोस, गोळी नीट शोषली जात नाही. अंतर किती ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

रक्ताचा रिपोर्ट आला की ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली एक चरबी, जास्त साखरेनेही वाढते) आकडा आधी कळव. मला तुझ्या एलडीएलपेक्षा त्याचीच जास्त धास्ती आहे. रात्रीचं ते गोड पेय तिथेच पकडलं जाईल.

तुझा,
अव्या