सूचना : ब्लॅक लोटस एकच!

सभासदांनो, रविवारचे रत्नागिरीतले मॅजिक (‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ) चे डाव व्हिंटेज नियमांनी, म्हणजे जवळजवळ सगळे जुने पत्ते चालणाऱ्या प्रकाराने होतील. डेक, म्हणजे प्रत्येकाची स्वतःची गड्डी, किमान ६० पत्त्यांचा. एरवी एका पत्त्याच्या ४ प्रती चालतात. ब्लॅक लोटस, अँसेस्ट्रल रिकॉल, टाइम वॉक यांची मात्र साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायला ठेवलेले जादा पत्ते) धरून एकच. लोटस फुकट उतरतो आणि ३ माना (पत्ते उतरवायला लागणारी शक्ती) देतो, म्हणजे माना देणाऱ्या एका लँड पत्त्याच्या जोडीने चौथ्या फेरीचा पत्ता पहिल्याच फेरीत! १९९३चे अस्सल पत्ते कोण आणतंय म्हणा, प्रॉक्सी (अस्सलच्या जागी बदली पत्ता) चालेल. पण साध्या पत्त्यावर चिठ्ठी, नाव-खर्च-मजकूर स्वच्छ, मागून अपारदर्शक स्लीव्ह (पत्त्याचं पाकीट). फॉइल (चकाकणारे) पत्ते आणू नका. पावसाळी हवेत ते पापडासारखे वाकतात, गड्डीत कडेवरून ओळखू येतात, आणि तो खुणेचा पत्ता ठरतो. घरीच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.