काका, ते पितळी नोझल परत मिळणार नाही

काका, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर तुम्ही पंचांग आणि पावसाचा अंदाज सोडून काही बघत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला तुमच्या नातीला आधीच सांगून ठेवलंय. घरी येऊन तोंडावर आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा "चहा घ्या गुरुजी" म्हणून तुम्ही विषय मोडलात. आता चार लोकांसमोर ऐकून घ्या.

परवाच्या रविवारी पहाटे खुलताबादला निघालो होतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा कधी मागं पडले कळलंही नाही. दौलताबादच्या किल्ल्याखाली बाया सीताफळाच्या पाट्या मांडत होत्या. दिल्ली दरवाजातून समोरची एसटी निघेपर्यंत थांबलो, पुढं घाटाला लागलो आणि मागच्या चाकातून सुस्स. काटा बाभळीचाच, दुसरा कुणाचा असणार. ट्यूब बदलली. वीस मिनिटं लागली, हसू नका. हवा भरायला पिशवीतला छोटा पंप काढला. हवेचा दाब चाळीस पीएसआयपर्यंत गेला आणि मग माझे दंड संपले. तेवढ्या हवेवर घाट चढणं म्हणजे एका खड्ड्यात नवी ट्यूबही घालवणं. हातात धरून सायकल परत खाली आणली.

पंक्चरवाल्याकडं कंप्रेसर होता. त्यानं ट्यूबचा बारीक वॉल, म्हणजे हवा भरायची नळी, बघितला, बोट लावलं, परत बघितला. "सर, ह्याला तोंडच न्हाई की!"

मी खिशातून घराच्या किल्ल्या काढल्या.

खरं तर ह्या किल्ल्यांसाठीच हे सगळं लिहायला बसलोय. पण आधीचं थोडं सांगावं लागेल, कारण तुम्हाला ते अर्धंच माहीत आहे.

माझी जुनी शाळा डांबरी सोडून चार किलोमीटर आत होती. काळ्या मातीचा शिवरस्ता, उन्हाळ्यात दगडासारखी ढेकळं आणि पावसाळ्यात लोण्यासारखा चिखल. तिथं एमटीबीनं, म्हणजे डोंगरी सायकलीनं, मला सात वर्षं सांभाळलं. दोन इंची जाड टायर, गुट्टेदार, पुढं सस्पेन्शन. श्रावणात मात्र चिखल फोर्कमध्ये असा बसायचा की चाक फिरेना, मग शेवटचा किलोमीटर सायकल गुरुजींच्या खांद्यावर. पोरं टाळ्या वाजवायची. त्या सायकलला मी नावं ठेवणार नाही.

मग बदली झाली. नवी शाळा बावीस किलोमीटर, सगळा डांबरी. त्याच सायकलवर जाताना वाटायचं, कुणीतरी मागून कॅरिअर धरून ओढतंय. टायरचे गुट्टे डांबरावर घूंऽऽ करत राहायचे, आणि उभं राहून जोर लावला की निम्मा जोर पुढचं सस्पेन्शनच खाऊन टाकायचं. शाळेत पोचेपर्यंत पहिल्या तासाला शिकवायची ताकद उरायची नाही.

शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या शोरूममध्ये गेलो. म्हणालो, आता सगळा डांबरी रस्ता आहे, काय घेऊ? त्या पोरानं मला पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेली, आणखी जड, आणखी महाग सायकल दाखवली. रोडबाइक, म्हणजे डांबरीवरची हलकी, बारीक टायरची सायकल, विचारली तर माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, "सर, ह्या वयात? वाकताना मध्ये येईल." वय अठ्ठेचाळीस. पोट आहे, मान्य आहे. पण त्याला विचारलं नव्हतं.

शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं त्याची जुनी रोडबाइक ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवली. चाकं बसल्यामुळं त्याच शोरूममध्ये हवा भरायला नेली. पोरानं मोटारसायकलच्या वॉलसारखाच वॉल समजून नळी दाबली आणि वॉलची पिन वाकवली. वर नव्या ट्यूबचे पैसे माझ्याकडूनच घेतले, आणि म्हणाला, "आमच्याकडून घेतलेली नाही ना, मग सर्व्हिस होणार नाही." सायकल आठ दिवस जिन्याखाली उभी होती. बायको रोज विचारायची, हिच्यावर कपडे वाळत घालू का?

तुमचं नाव शाळेतल्या शिपायानं सुचवलं. चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस, रिटायर झाल्यावर अंगणात सायकली करतो, एवढंच तो म्हणाला. मी दोन्ही सायकली टेम्पोत घालून आलो. वाटलं, हा माणूस लाल डब्याचे पत्रे आणि रिव्हेट बघत आलाय, ह्याला बारीक चाकाचं काय कळणार. चुकलो काका. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधल्या हबला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक फिरवून डोळे मिटून ऐकत बसलात. डॉक्टरसुद्धा हल्ली छातीला एवढा वेळ कान देत नाहीत.

मी म्हणालो, एवढ्या बारीक टायरची भीती वाटते. तेव्हा तुम्ही मला खाली बसवून दोन्ही टायरच्या कडेचे आकडे वाचायला लावलेत. जाड टायरवर ५४-६२२. बारीक टायरवर २८-६२२. "वाचा गुरुजी, मागचा आकडा काय हाये?" सहाशे बावीस. दोन्हीकडं. "रिंग तेवढीच हाये. नुसता टायर रोडावलाय. घाबरायलात काहून?" पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवतोय, पण भीती अशी आकड्यानं घालवायची मला सुचली नसती.

बाकी तुम्ही काय काय केलंत ते इथं सांगत बसत नाही. सीट वर घेतली, हँडल जवळ आणलं, हवा भरताना टायरवर लिहिलेला दाबाचा सगळ्यात मोठा आकडा गाठायची गरज नसते, आपल्या वजनाला आणि आपल्या रस्त्याला ऐंशी पुरे, हे सांगितलंत. गतिरोधकावर बूड उचलायचं, हेही. पोटाचा विषय काढला नाहीत. पैसे फक्त सामानाचे घेतलेत.

मी निघालो तेव्हा तुम्ही हाक मारून थांबवलंत. कमरेचा जुडगा काढलात, त्यातून शेंगदाण्याएवढं ते पितळी नोझल सोडवलंत, माझ्याकडून माझ्या किल्ल्या मागून घेतल्यात आणि घराच्या किल्लीशेजारी ते ओवलंत. "हे बारीक वॉलवर फिरवायचं, की कुठलाबी मोटारसायकलवाला हवा भरून देतो. सायकलच्या पिशवीत ठेवू नका, पिशवी घरी ऱ्हाती. किल्ली विसरत न्हाई माणूस." मी विचारलं, तुम्हाला? म्हणालात, "माझ्याकडं पंप हाये की."

पंधरा दिवसांनी ब्रेकची तार बघायला आलो तेव्हा तुम्ही दुसऱ्या एका पोराच्या रोडबाइकमध्ये हवा भरत होता. तुमचा पंप जाड वॉलचा. आणि मध्ये नोझलच्या जागी वॉलचं प्लॅस्टिकचं टोपण, टोक ब्लेडनं कापलेलं, उलटं फिरवून बसवलेलं. पेचातून हवा निसटत होती, तुम्ही अंगठ्यानं दाबून धरलं होतं. तेव्हा मला कळलं की तुमच्याकडं ते एकच होतं.

मी काही बोललो नाही. तुम्ही "चहा घ्या" म्हणालात. चहा घेतला.

चांगली माणसं राहिली नाहीत असं आमच्या स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी म्हणतं. मीही मान हलवायचो. आता हलवत नाही. पगारी माणूस गिऱ्हाइकाचं पोट मोजतो आणि पेन्शनीतला माणूस स्वतःचं एकुलतं एक हत्यार काढून देऊन त्याचा बोभाटाही करत नाही. दोघंही ह्याच शहरात राहतात. कुणाकडं जायचं, एवढं कळायला मला उशीर लागला.

तर त्या रविवारी नोझल फिरवलं, कंप्रेसर लावला, आणि पंक्चरवाला म्हणाला, "येवढंसंच?" उलटंसुलटं करून बघितलं आणि पन्नास रुपयांना मागितलं. मी नाही म्हणालो. शंभर म्हणाला. शेवटी त्याला कापलेल्या टोपणाची तुमची युक्ती सांगितली. घाट चढलो. एमटीबीवर ह्याच घाटात तीनदा उतरायचो, ह्या वेळी पाय टेकला नाही. भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन खाली आलो तेव्हा पंक्चरवाला एका टोपणावर ब्लेड चालवत बसला होता.

मी पोस्टानं तसलीच दोन नोझल मागवलीत. येत्या रविवारी घेऊन येतो. एक तुमच्या जुडग्यात मी स्वतः ओवणार, दुसरं पंपाला कायमचं बसवू. तुमचं जुनं मात्र माझ्या घराच्या किल्लीशेजारीच राहील. चहा ठेवायला सांगा, साखर कमी.

तुमचा,
गुरुजी