तुझी गिटार, आणि एक विचारायचंय

पुणे, ३ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

फोनवर हे मी दोन वाक्यांत उरकलं असतं, म्हणून पत्र लिहितोय. तुझ्या गिटारीचा ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची ती लाकडी पट्टी, सुटून उठला होता, आणि तो माझ्या चुकीने उठला. मे महिन्यात भाचीच्या शिबिराचा शेवटचा दिवस होता. तिला वाजवायला म्हणून गिटार घेऊन गेलो आणि परतताना कामं करत फिरलो, तेव्हा दुपारभर ती गाडीच्या डिकीत राहिली. उन्हात बंद गाडी ६० अंशांच्याही पुढे तापते. त्या तापात ब्रिजखालचा सरस मऊ पडतो, आणि वरून सहा तारांची ओढ चालूच असते. सगळ्या मिळून ७० किलोच्या आसपास. तू २०१४ साली जर्मनीला निघताना एवढंच म्हणाला होतास, 'वाजवत राहा, माळ्यावर टाकू नको.' ते पाळलं रे. डिकीचा विचार केला नाही. मला माफ कर.

कळलं ते आठवड्याने. बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा इतक्या उंच झाल्या होत्या की बोटं दुखायला लागली. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकवून पाहिलं, तर ते सहज आत गेलं. त्याच रात्री तारा सैल केल्या.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने ब्रिजवर अंगठा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "चिकटवून देतो, २०० रुपये, संध्याकाळी घेऊन जा." मी हो म्हणणार होतो. पैसे कमी होते म्हणून नव्हे, आपली चूक संध्याकाळपर्यंत नाहीशी होईल याचा मोह जास्त होता. पण त्याने आत डोकावून पाहिलं नाही, तारा का सैल आहेत तेही विचारलं नाही, म्हणून परत आणली. दुसऱ्या एकाने फोनवरच निदान केलं: ब्रिज नवा, वर दोन बोल्ट मारून पक्का, ३५०० रुपये. गिटार न बघता! तुझ्या गिटारीच्या पोटात बोल्ट या कल्पनेनेच मला झोप लागली नाही.

मग जूनअखेर आईचा तानपुरा जवारीसाठी, म्हणजे त्याची घोडी (ब्रिज) घासून आवाज जुळवायला, मिरजेला न्यायचा होता, तेव्हा गिटारही सोबत घेतली. सतारमेकर गल्ली तुला आठवते का? कॉलेजात असताना आपण एकदा गेलो होतो, दारादारांत पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले होते. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं दुरुस्त करणारे. तिथून एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या कारागिराच्या काळापासून ते तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालंय. मला वाटलं, लाकडाची एवढी जाण असलेली माणसं, तर गिटार काय अवघड!

तिथल्या एका वृद्ध कारागिराने तानपुरा बाजूला ठेवून आधी गिटार मांडीवर घेतली. पोटावर बोटाने टकटक केली, कान लावला, पुन्हा थोडं खाली टकटक केली. म्हणाले, "घोडी उठली आहे, आणि आतून पण काहीतरी सुटलंय. आवाज बसका येतोय." मी म्हटलं, मग तुम्हीच करा. त्यांनी मान हलवली. "सरसाचं काम मी करीन हो, पण हिच्या आतली पट्ट्यांची बांधणी माझ्या हातची नाही. बिघडलं तर तुम्हाला काय सांगू?" मी निघताना त्यांनी थांबवलं. "कोणाकडेही जा, एवढं विचारा की जुना सरस कसा काढणार. ज्याला ते सांगता येईल त्याला द्या."

बाळ्या, दीड महिन्यात मला मिळालेला हा एकमेव कामाचा सल्ला. जुना सरस न काढता वरून गोंद ओतला, तर तो लाकडाला धरतच नाही, जुन्या थराला धरतो. झटपट चिकटणारा असेल तर तो ठिसूळही असतो. वर्षभराने ब्रिज पुन्हा सुटतो आणि या वेळी सुटताना पोटाच्या स्प्रूस लाकडाचे तंतू ओरबाडून घेऊन जातो.

पुण्यात परत आल्यावर मी दुकानदारांना विचारायचं सोडलं आणि वाजवणाऱ्यांना विचारायला लागलो. कॅम्पातल्या एका चर्चमध्ये रविवारी व्हायोलिन वाजवणाऱ्या गृहस्थांनी वानवडीतल्या एका मुलाचं नाव सांगितलं. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल. पाटी नाही, घराच्या मागच्या खोलीत काम. खोलीत शिरल्याबरोबर कोरडी हवा जाणवली. बाहेर जुलैचा पाऊस आणि आत भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा ४८ वर.

मी बसायच्या आधीच प्रश्न टाकला. त्याला राग आला नाही, उलट तो खुलला. ब्रिजला दिव्याची ऊब द्यायची, मग पातळ पातं लाकडाच्या रेषेने हळूहळू आत सरकवायचं, घाई केली की लाकूड फाटतं. मग दोन्ही बाजू खरवडून उघडं लाकूड दिसेपर्यंत साफ करायच्या, तेव्हा कुठे नवा सरस. क्लॅम्प लावून पूर्ण एक दिवस, आणि तारा त्यानंतरही लगेच नाहीत. हे सांगता सांगता त्याने गिटारीच्या पोटात छोटा दिवा आणि आरसा सोडला आणि मला बघायला लावलं. आतली एक ब्रेस, म्हणजे आधाराची पट्टी, टोकाशी सुटली होती. मिरजेचं निदान खरं होतं, केवळ बोटाने केलेलं!

मी विचारलं, तोवर ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, थोडी आवळून तारा खाली येतील का? तो म्हणाला, "सर, रॉड मानेच्या बाकासाठी असतो. मान सरळ आहे, तिला हात लावायचा नाही." पट्टी ठेवून दाखवलंही. मग एका कार्डावर आधीची मापं लिहिली: बाराव्या फ्रेटवर जाड तार ३.८ मिलिमीटर उंच. खर्च २२०० रुपये, तीन आठवडे. त्यापेक्षा लवकर देणार नाही म्हणाला, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगलेलं आहे, आधी ते कोरड्या खोलीत आठवडाभर सुकू दे.

बरोब्बर तीन आठवड्यांनी गेलो. ब्रिज असा बसलाय की कागदसुद्धा शिरत नाही. तुझी ती खर्जातली 'ई'ची तार छेडली आणि आवाज पोटातून आला, पूर्वीसारखा. मला भरून आलं.

आता मुद्द्याचं. ब्रिज काढताना सॅडलखाली, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पातळ पट्टीखाली, त्याला घडी घातलेलं पीएमटी बसचं तिकीट सापडलं. तूच घातलं असशील, तिसरी तार झणझणायची तेव्हा. त्याने ते फेकलं नाही, एका छोट्या पिशवीत ठेवून मला दाखवलं. तिकीट परत जागेवर ठेवलं तर माप २.७ येतं. काढलं तर २.५, पण जोरात वाजवलं की तिसरी तार अजूनही झणझणते. हाडाचा नवा सॅडल घासून बसवला तर तिकिटाची गरज राहणार नाही आणि आवाजही उजळेल, असं त्याचं मत. मी म्हटलं, बसव. तर म्हणाला, "गिटार तुमची नाही ना? ज्यांची आहे त्यांना विचारा."

तूर्त तिकीट आत आहे. सॅडल बदलायचा का, आणि बदलला तर तिकीट तुझ्यासाठी जपून ठेवू का, ते कळव. डिसेंबरात तू येशील तेव्हा आपण दोघं जाऊन त्याला भेटू.

तुझा,
सुध्या