वर्फच्या खाटेपाशी

महोदय,

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतला 1992चा ‘एथिक्स’ हा भाग नुकताच नातवाबरोबर पुन्हा पाहिला. अस्थिविभागात मी 32 वर्षं परिचारिका होते. त्यामुळे त्याचं लक्ष अंतराळयानाकडे, माझं खाटेकडे.

वर्फ हा यानावरचा अधिकारी, क्लिंगन या लढवय्या परग्रही जमातीतला. त्याच्या अंगावर जड पिंप कोसळतं, मणके चिरडतात. यानावरच्या डॉ. क्रशर शरीरात यंत्रं बसवू म्हणतात, साधारण 60 टक्के हालचाल परत येईल. त्याला ते नको. क्लिंगन रीत सांगते, अशा लढवय्यानं विधिपूर्वक मरावं. कप्तान पिकार्डही म्हणतो, त्याच्या जागी उभं राहून बघा. क्रशरबाईंचा संताप मला पटला, पण अर्धाच. दर दोन तासांनी कुशीवर वळवताना “सिस्टर, कशाला वळवता?” असं भिंतीकडे बघत विचारणारे माझ्याही वॉर्डात होते. त्यांना कुठली रीत नव्हती, नुसती लाज. त्यातलेच काही पुढे भाजीत मीठ कमी म्हणून भांडायचे!

खरी मेख रायकर शोधतो. मरायला मदत कर, असं वर्फनं या मित्रालाच सांगितलेलं असतं. पण विधीची सुरी देण्याचा मान मित्राचा नाही, मुलाचा. आणि वर्फला आपल्या लहानग्या मुलासमोर, अलेक्झांडरसमोर, पडल्या अवस्थेत येणंही नको असतं. तिथे रीत पार उघडी पडते. शिवाय, अशा जखमींना मरूच द्यायचं म्हटल्यावर क्लिंगन वैद्यकाने मज्जारज्जूचा अभ्यास तरी कशाला केला असता?

शेवट मात्र फसवा. वर्फ अखेर एका प्रायोगिक शस्त्रक्रियेला तयार होतो, तिच्यात मरतो आणि शरीरातल्या राखीव अवयवांमुळे उठून बसतो. लेखकांनी हात झटकले, दुसरं काय!

— एक निवृत्त परिचारिका